परसोंची साक्ष

'चक्षुर्वै सत्यम्' असे आपले पूर्वज सांगून गेले. पाहणे आणि ऐकणे यांत चार बोटांचे अंतर असते, असे आमच्या घरातली वडीलधारी माणसेही म्हणत असत. कान आणि डोळा यांच्यामधील हे चार बोटांचे अंतर म्हणजेच अफवा आणि सत्य यांच्यामधील अंतर, असा त्याचा मथितार्थ. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नये, डोळ्यांनी पाहिलेलेच खरे मानावे, हा उपदेश बालपणी आम्हांला इतका पटला होता की, डोळ्यांनी पाहिलेलेही दोघांचे दोन प्रकारचे असू शकते, ही शंका पूर्वजांना आली नसेल काय, असा प्रश्न पडण्यास आम्हांस शासकीय सेवेत बरीच वर्षे घालवावी लागली. ही सेवा आंध्र प्रदेशात सुरू झाली आणि २०१४ नंतर तेलंगणात संपली. राज्य बदलले, खुर्ची तीच राहिली, आणि त्या खुर्चीसमोर उभे राहून 'साहेब, मी माझ्या डोळ्यांनी पाहिले' असे सांगणाऱ्यांची रांगही तीच राहिली.

मराठी रंगभूमीने आणि चित्रपटाने हा प्रश्न पूर्वीच ओळखला होता. मात्र त्यांनी त्याचे उत्तर हसण्यात दिले. आपल्या लोकनाट्यातील हवालदार हे एक स्वतंत्र संस्थान आहे. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या १९६५ मधील लोकनाट्यात दादा कोंडके यांनी उभा केलेला हवालदार महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. पुढे १९७५ मध्ये 'पांडू हवालदार' आला. तेव्हापासून अर्धी विजार, हातात दंडुका आणि चेहऱ्यावर कायद्याहून अधिक कुतूहल असलेला हा गृहस्थ आमच्या पिढीच्या ओळखीचा झाला. अशा खेळांतून पंचनाम्याचा एक प्रवेश हमखास असतो. चोरी झालेली असते. हवालदार वही उघडतो, पेन्सिल जिभेला लावतो आणि विचारतो, चोर कसा होता? पहिला साक्षीदार म्हणतो, उंच होता. दुसरा म्हणतो, ठेंगणा होता. तिसरा म्हणतो, मी चोर पाहिलाच नाही, पण तो पळाला तेव्हा त्याच्या पायांत माझ्याच वहाणा होत्या. प्रेक्षागृह हसून लोटपोट होते.

या हसण्याचे कारण आम्ही पुष्कळदा शोधून पाहिले. साक्षीदार मूर्ख आहेत म्हणून आपण हसतो, असे वरवर वाटते. परंतु ते तितकेसे खरे नव्हे. साक्षीदार आपापल्या जागी प्रामाणिकच असतात. हसू येते ते त्या वहीचे. वहीत एकच ओळ मावते आणि घडलेली गोष्ट त्या ओळीत मावत नाही. हवालदार ती दाबून बसवू पाहतो, आणि बाहेर राहिलेले टोक पुन्हा पुन्हा वर येते. विनोदाचे मूळ तेथे आहे आणि, पुढे आमच्या ध्यानात आले त्याप्रमाणे, अन्यायाचे मूळही बहुधा तेथेच असते.

हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाला या वहीतील भाषा परकी वाटत नाही. फिर्याद, जबानी, मुद्देमाल, मुचलका, हवालदार, फौजदार हे सारे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि घरचेच होऊन बसले. 'पंचनामा' या शब्दात तर आपला पंच आणि फारसीतला नामा एका पाटावर बसून जेवतात. आम्ही राहतो त्या नारायणगुड्यात, न्यायमूर्ती केशवराव कोरटकर या मराठी गृहस्थाच्या स्मरणार्थ १९४० मध्ये निघालेली केशव मेमोरियल शाळा आहे. शेजारी तेलुगू, समोर उर्दू, वरच्या मजल्यावर हिंदी आणि घरात मराठी अशी आमची वस्ती. येथे एखाद्या प्रसंगाला चार साक्षीदार मिळाले, तर त्यांच्या जबान्या चार भाषांत मिळतात. मग त्या जुळल्या नाहीत, तर दोष डोळ्यांचा की जिभेचा, हे ठरविणे अधिकच कठीण होते.

अलीकडे आमच्या चिरंजीवांनी घरच्या दूरचित्रवाणीवर एक मल्याळम चित्रपट आम्हांस दाखविला. 'तोंडिमुतलुम् दृक्साक्षियुम्' हे त्याचे नाव. मराठीत सांगायचे तर 'मुद्देमाल आणि प्रत्यक्षदर्शी'. दिलीश पोत्तन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१७ चा. बसमध्ये डुलकी लागलेल्या एका नवविवाहितेच्या गळ्यातील सोनसाखळी चोर काढून घेतो आणि पकडला जातो आहे असे दिसताच ती गिळून टाकतो. तिने ते पाहिलेले असते. चोर म्हणतो, छे, मी काहीच केले नाही. पुढची सारी कथा कासरगोड भागातील एका पोलीस ठाण्यात घडते. मुद्देमाल चोराच्या पोटात आणि प्रत्यक्षदर्शी बाकावर! गंमत अशी की चोर आपले जे नाव सांगतो, तेच नेमके फिर्यादी स्त्रीच्या नवऱ्याचेही नाव असते. पोलिसांच्या अनेक भूमिका खऱ्याखुऱ्या पोलिसांनीच केल्या आहेत, त्यामुळे ठाण्यातील तो कंटाळा, तो चहा, ती कागदांची जुळवाजुळव सारे जिवंत उतरले आहे. या चित्रपटास सर्वोत्कृष्ट मल्याळम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तसाच सजीव पाळूर यांना पटकथेसाठी आणि चोर झालेल्या फहाद फासिल यांना साहाय्यक अभिनेत्याचाही मिळाला. सुरुवातीस आपण खदखदून हसतो. पण जसजशी रात्र चढते तसतसे लक्षात येते की, एका बाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली साधी गोष्ट कागदावर आणण्यासाठी किती माणसांना किती वाकावे लागते.

चित्रपट संपल्यावर आमच्या घरात जे घडले तेही नमूद करण्याजोगे आहे. नायिकेने बसमध्ये नेसलेल्या वस्त्राच्या रंगावरून आमच्या सौभाग्यवती आणि आम्ही यांच्यात मतभेद झाला. चिरंजीवांनी तिसराच रंग सांगितला. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, रंगाचं राहू द्या, चोर पहिल्यांदा हसला तो कधी, ते सांगा." त्यावरही तीन मते पडली. अवघ्या दहा मिनिटांपूर्वी, एकाच खोलीत, एकाच पडद्यावर पाहिलेल्या गोष्टीची ही अवस्था! फीत मागे फिरवून पाहण्याची सोय होती, पण रात्र फार झाल्यामुळे न्यायदान तहकूब झाले. खऱ्या आयुष्यात ही सोय नसते आणि तहकुबीही नेहमी झोपेसाठी नसते.

परस्परविरोधी साक्षींची गोष्ट निघाली की आमच्या पिढीला आठवते ते आचार्य अत्रे यांचे 'तो मी नव्हेच'. माधव काझी नावाच्या भामट्याच्या गाजलेल्या प्रकरणावरून अत्र्यांना हे नाटक सुचले. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत त्याचा पहिला प्रयोग झाला. मो. ग. रांगणेकर यांचे दिग्दर्शन, फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकर यांच्या पाच भूमिका यांमुळे ते पुढे कित्येक दशके चालत राहिले. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे, स्वतःचा खटला स्वतःच चालवितो आहे. एकामागून एक साक्षीदार येतात. कोणी म्हणते हा दिवाकर दातार, कोणी म्हणते हा राधेश्याम महाराज. प्रत्येक जण शपथेवर सांगतो की, हाच तो. आणि लखोबा शांतपणे उत्तरतो की, तो मी नव्हेच. याच नाटकावरून के. बालचंदर यांनी १९७४ मध्ये 'नान अवनिल्लै' हा तमिळ चित्रपट काढला, त्याअर्थी लखोबाला प्रांताची सीमा अडवू शकली नाही. निपाणी तर स्वतःच सीमाप्रश्नात अडकलेले गाव!

या नाटकात अत्र्यांनी प्रेक्षकाला एक मोठी सवलत दिली आहे. रंगमंच फिरतो आणि न्यायालयाच्या जागी घडलेला प्रसंगच आपल्यासमोर उभा राहतो. न्यायाधीशाला जे दिसत नाही ते आपल्याला दिसते. म्हणून आपण निर्धास्तपणे हसू शकतो. साक्षीदारांना उलटसुलट प्रश्न विचारून लखोबा त्यांच्या बोलण्यातील बारीकसारीक विसंगती शोधतो, तेव्हा त्याच्या हुशारीला आपण दाद देतो; कारण तो खोटे बोलतो आहे, याची खात्री फिरत्या रंगमंचाने आपल्याला आधीच दिलेली असते.

जपानमध्ये याच्या नेमकी उलट गोष्ट घडली. र्‍युनोसुके अकुतागावा यांनी १९२२ मध्ये एक कथा लिहिली. रानात एका सामुराईचे प्रेत सापडते आणि त्याबद्दल सात जण जबान्या देतात. त्यांत लाकूडतोड्या आहे, भिक्षू आहे, डाकू आहे, मृताची पत्नी आहे आणि मांत्रिक स्त्रीच्या मुखाने बोलणारा स्वतः मृतही आहे. कथेत निवेदक नाहीच. वाचकाच्या हाती जणू चौकशीची फाइलच येते. १९५० मध्ये अकिरा कुरोसावा यांनी त्यावरून 'राशोमोन' हा चित्रपट काढला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. येथेही प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो. पण ज्याची जबानी त्याचाच तो प्रसंग. कुरोसावांनी रंगमंच फिरवला खरा, परंतु तो प्रत्येक वेळी निराळ्या ठिकाणी थांबवला. तेथे हसू उरत नाही. नवल असे की, या कथेतील डाकू, पत्नी आणि मृत हे तिघेही आपण निर्दोष आहोत असे म्हणत नाहीत. मृत्यूचे कर्तेपण प्रत्येक जण स्वतःकडेच घेतो. माणूस केवळ शिक्षा टाळण्यासाठी गोष्ट बदलतो असे नव्हे. आपण आपल्याला कसे दिसावे, यासाठीही तो ती बदलतो.

मग प्रश्न उरतो तो हा की, ज्याला काहीच टाळायचे नाही आणि काहीच मिरवायचे नाही, अशा तटस्थ माणसाची साक्ष तरी नेमकी असते काय? मानसशास्त्रज्ञांनी याचा शोध घेतला आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकी संशोधकांनी १९७४ मध्ये ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या चित्रफिती दाखविल्या आणि मोटारींचा वेग विचारला. प्रश्न एकच, क्रियापद मात्र निरनिराळे. मोटारी एकमेकींना 'लागल्या' तेव्हा वेग किती होता, असे सौम्यपणे विचारले तर सरासरी उत्तर ताशी सुमारे ३२ मैल आले. 'चक्काचूर करीत आदळल्या' अशा आशयाचे क्रियापद वापरले तेव्हा ते सुमारे ४० मैल झाले. दुसऱ्या प्रयोगात एका आठवड्याने विचारले की, फुटलेली काच पाहिली काय? काच मुळी नव्हतीच. तरीही ज्यांना जहाल क्रियापदाने प्रश्न विचारला होता त्या ५० जणांपैकी १६ जणांना ती 'आठवली'. सौम्य क्रियापदवाल्या ५० पैकी ७ जणांना. म्हणजे हवालदाराने प्रश्न विचारताच साक्षीदाराच्या डोळ्यांत काहीतरी घातले जाते. स्मृती ही पेटीत ठेवलेली वस्तू नव्हे. पेटी उघडताना प्रत्येक वेळी आपण ती नव्याने घडवितो.

आपला कायदा याबाबत समंजस आहे, हे मान्य केले पाहिजे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात, एखादी गोष्ट सिद्ध करण्यास साक्षीदारांची अमुकच संख्या लागते असे नाही, हे कलम १३४ ने स्पष्ट केले होते. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हे तत्त्व कायम राहिले. साक्षीदार मोजायचे नसतात, तोलायचे असतात; सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये वडिवेलू तेवर खटल्यात हेच विशद केले. १९८३ मध्ये भरवाडा भोगिनभाई खटल्यात न्यायमूर्ती ठक्कर यांनी तर साक्षीदाराची बाजू एखाद्या मनोवैज्ञानिकाप्रमाणे समजून घेतली. साक्षीदाराचे मन म्हणजे छायाचित्रण करणारे यंत्र नव्हे, प्रसंग अचानक घडतो आणि माणूस गांगरतो, वेळेचा अंदाज तर बहुधा अंदाजच असतो, तेव्हा किरकोळ विसंगतींना अवास्तव महत्त्व देऊ नये, असा त्या विवेचनाचा आशय आहे. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबानीवर साक्षीदाराची सही घेऊ नये, असाही आपल्याकडील नियम आहे. कारण उघड आहे. डोळे साक्षीदाराचे असले, तरी त्या जबानीतले शब्द पुष्कळदा लिहिणाऱ्याचे असतात.

हे सारे आम्ही ग्रंथांतून पुढे वाचले. त्याचा अनुभव मात्र त्याआधीच आला होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एका जिल्हा कार्यालयातील खातेनिहाय चौकशीचे काम आमच्याकडे आले. आरोपी एक अटेंडर होता. (महाराष्ट्रात ज्याला शिपाई म्हणतात त्याला आमच्याकडे अटेंडर म्हणतात.) त्याने अभिलेखकक्षातून एक महत्त्वाची फाइल बाहेर नेली आणि गहाळ केली, असा आरोप होता. तो निलंबित होता, अर्ध्या पगाराइतक्या निर्वाहभत्त्यावर घर चालवीत होता. दोन मुली शाळेत होत्या. आरोप शाबीत झाला असता, तर बावीस वर्षांची नोकरी आणि निवृत्तिवेतन दोन्ही गेले असते.

पुरावा भक्कम दिसत होता. तीन प्रत्यक्षदर्शी, तीन लेखी निवेदने. तिन्ही इंग्रजीत, एकाच यंत्रावर टंकलिखित आणि शब्दशः सारखी. एका शब्दाच्या वर्णलेखनातील चूकसुद्धा तिन्हींत तीच. फाइल नेल्याचा दिवस तिन्हींत शनिवार दाखविलेला. निवेदनांवर दोन दिवसांनंतरच्या सोमवारची तारीख. सादरकर्ते अधिकारी मोठ्या समाधानाने म्हणाले, "सर, कुठेही विसंगती नाही." आम्ही दिनदर्शिका मागविली. तो शनिवार महिन्यातील दुसरा शनिवार होता. कार्यालयास सुट्टी होती. किल्ल्यांच्या नोंदवहीत त्या दिवशी एकही किल्ली बाहेर गेल्याची नोंद नव्हती.

साक्षीदारांना आम्ही एकेकटे बोलावले आणि ज्याच्या त्याच्या भाषेत बोलू दिले. पहिला दखनीत बोलणारा. त्याला विचारले की, शनिवारी तुम्ही कार्यालयात कशासाठी आला होता? तो चकित झाला. म्हणाला, "सनीचर कौन बोला साब? मैं तो परसों बोला था." वाचकांपैकी जे हैदराबादचे आहेत त्यांच्या ओठांवर एव्हाना हसू उमटले असेल. बाहेरच्यांसाठी खुलासा केला पाहिजे. हैदराबादी माणसाचा 'परसों' हा पंचांगातील परवा नव्हे. काल जो दिवस नव्हता तो प्रत्येक गेलेला दिवस त्याच्या हिशेबी परसों असतो. मागचा आठवडा परसों, मागचा पावसाळा परसों, आणि जरा रंगात आला तर स्वतःचे लग्नही परसोंच झालेले असते. टंकलेखकाने 'परसों' चे प्रामाणिक भाषांतर केले, सोमवारातून दोन दिवस वजा केले आणि एका माणसाला सुट्टीच्या दिवशी चोर ठरविले. आपला 'परवा' आणि तेलुगूतील 'मोन्ना' हे शब्दही काही कमी सैल नाहीत. पण दखनीची सर त्यांना नाही.

मग तिघांनी जे सांगितले ते एकमेकांशी कोठेच जुळेना. पहिल्याने सायंकाळी, जिन्यापाशी, काखेत कागदांचा गठ्ठा पाहिला होता. तेलुगूभाषक साक्षीदाराने दुपारच्या जेवणानंतर, ओसरीत, कापडी पिशवी पाहिली होती. तिसरा आपल्याच मराठवाड्याचा; त्याने लाल फडक्यातला बस्ता डोक्यावर पाहिला होता, आणि दिवस विचारता "असेल एखादा" एवढेच उत्तर दिले. सादरकर्ते अधिकारी हवालदिल झाले. परंतु प्रत्येकाला आम्ही एक साधा प्रश्न विचारला होता, की अटेंडर एकटाच होता काय? तिघांनीही, एकमेकांचे उत्तर न ऐकता, सांगितले की, नाही, पुढे साहेब चालले होते. ते साहेब म्हणजे अटेंडरचे वरिष्ठ. टंकलिखित निवेदनांत त्यांचा उल्लेखही नव्हता. निवेदने कोणाच्या दालनात टंकलिखित झाली हेही आम्ही विचारले, आणि ती तीन उत्तरे मात्र तंतोतंत जुळली.

सादरकर्त्यांनी आक्षेप घेतला की, हे तीन निरनिराळे दिवस असू शकतील. आम्ही तो आक्षेप नोंदवून घेतला. तसे असेल तर प्रत्येक वेळी साहेब पुढे होते, हे अधिकच बोलके ठरत होते. खातेनिहाय चौकशीत फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही, शक्याशक्यतेचा काटा ज्या बाजूस झुकेल ती बाजू घेता येते. तो काटा कोणीकडे झुकत होता हे स्पष्ट होते. वरिष्ठाच्या मागे ओझे घेऊन चालणे हेच ज्याचे काम, त्याने ते केले एवढेच सिद्ध होत होते. 'आरोप शाबीत होत नाही' असा अहवाल आम्ही दिला. काही महिन्यांनी तो स्वीकारला गेला. अटेंडर कामावर परतला आणि यथाकाल निवृत्तही झाला. साहेबांची बदली झाली. फाइल शेवटपर्यंत सापडली नाही.

आदेश हाती पडला तेव्हा अटेंडर म्हणाला होता, "साब, परसों मिठाई लेके आतूं." तो आठ महिन्यांनी नारायणगुड्यातील आमच्या घरी आला. आम्ही उशिराबद्दल थट्टा केली, तेव्हा हातातला पुडा पुढे करीत तो निरागसपणे उद्गारला, "परसोंइच तो बोला था साब!" त्या 'इच' मध्ये आपला मराठी 'च' आहे, हे आम्ही त्याला सांगितले, पण त्याचे लक्ष आमच्या सौभाग्यवतींनी पुढे केलेल्या चहाकडे होते.

या प्रकरणाने आमच्या मनावर एक गोष्ट कायमची कोरली गेली. जुळणाऱ्या जबान्यांनी एका गरीब माणसाला जवळजवळ बुडविले होते आणि न जुळणाऱ्या जबान्यांनी त्याला वाचविले. प्रामाणिक माणसे एकच गोष्ट निरनिराळ्या जागांवरून पाहतात, म्हणून त्यांच्या सांगण्याच्या कडा जुळत नाहीत, गाभा जुळतो. पढविलेल्या साक्षींत कडा सुबक जुळलेल्या असतात, आणि गाभ्यात कोणी बोट घातले की तेथे काहीच लागत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या २०१४ च्या मराठी चित्रपटात एका लोकशाहिराविरुद्ध उभा केलेला प्रत्यक्षदर्शी हा अशाच ठरलेल्या, पुन्हा पुन्हा वापरलेल्या साक्षीदारांपैकी निघतो. राष्ट्रीय पुरस्काराचे सुवर्णकमळ मिळविणाऱ्या त्या चित्रपटात हसू येते, पण ते घशातच राहते. साक्षीदार अडखळत नाही, हीच तेथील भीतिदायक गोष्ट आहे.

तथापि याचा विपर्यासही होऊ नये. प्रत्येकाचे सत्य वेगळे, तेव्हा सत्य असे काही नाहीच, असे म्हणणे आजकाल सोयीचे झाले आहे. लखोबा लोखंड्याचा सारा डाव याच तत्त्वज्ञानावर उभा होता. साक्षीदार बारीकसारीक तपशिलांत चुकले, म्हणून त्यांनी भोगलेली फसवणूक खोटी ठरत नाही. मल्याळम चित्रपटातील त्या नवविवाहितेला वेळ नीट सांगता आली नसती, तरी साखळी चोराच्या पोटातच होती. विसंगती दिसताच साक्ष फेकून देणारा आणि विसंगती खोडून साक्ष गुळगुळीत करणारा, दोघेही आळशीच. एकाला ऐकण्याचा कंटाळा असतो, दुसऱ्याला लिहिण्याचा.

आमच्या या प्रदेशाला तर एका दिवसाच्या साक्षी अजूनही जुळविता आलेल्या नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. ज्या मोहिमेत भारतीय सैन्य उतरले होते तिला नाव मात्र 'पोलीस कारवाई' असे मिळाले. त्याच दिवसाला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन म्हणतात. तेलंगणात कोणी विलीनीकरण दिन म्हणतो, कोणी विमोचन दिन. २०२२ मध्ये राज्य शासनाने त्याला राष्ट्रीय एकात्मता दिन म्हटले, त्याच वर्षी केंद्र शासनाने हैदराबाद मुक्ती दिन साजरा केला आणि २०२४ मध्ये राज्य शासनाने प्रजापालन दिन असे नवे नाव दिले. आमच्या लहानपणी घरी येणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी त्या दिवसांत रझाकारांच्या भीतीने गाव सोडल्याचे सांगत, कोणी त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमान शेजाऱ्याला माळ्यावर लपविल्याचे सांगत. दोघेही प्रत्यक्षदर्शी. दोघांच्याही डोळ्यांत पाणी. या दोन जबान्यांपैकी एक खोडून वही नीटनेटकी करण्याचा मोह पुष्कळांना होतो. आम्हांस वाटते, वहीची पाने वाढवावीत.

आता ऐकून घेण्याचे शासकीय कर्तव्य आमच्याकडे उरलेले नाही. तरीही वस्तीत दोन घरांत काही कुरबूर झाली की, "तुम्ही चौकशा केलेल्या आहेत, जरा बसा ना काका," असे म्हणत मंडळी येतात. आम्ही बसतो. दोघांनाही वेगवेगळे आणि सावकाश बोलू देतो, आणि दिवस विचारण्याआधी ते कोणत्या भाषेत दिवस मोजतात, एवढे विचारून घेतो. वाचकहो, आपल्यावरही असा प्रसंग कधी येईलच. घरातला, कचेरीतला, वा नुसता ओट्यावरचा. समोरचे दोघे एकमेकांच्या उलट सांगू लागले की त्यांतला एक खोटा, असे लगेच मनात लिहू नये. आणि दोघे अगदी सारखे सांगू लागले, तर दिनदर्शिका मागवावी.